शिक्का जुना, नियम नवा : उंबरठ्याच्या आत असलेल्या पाहुण्याचे काय होते?

थ्रेड लांब आहे. सवडीने वाचावा.

२३ एप्रिल २०२५. पहलगामच्या हत्याकांडाला जेमतेम एक दिवस उलटला होता. त्या संध्याकाळी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जे निर्णय घेतले त्यांत सिंधू जलकराराची स्थगिती सर्वांच्या लक्षात राहिली. त्याच यादीतील एका निर्णयाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. ‘सार्क व्हिसा सवलत योजने’खाली पाकिस्तानी नागरिकांना यापुढे भारतात येता येणार नाही, पूर्वी दिलेल्या सवलती रद्द समजल्या जातील, आणि या सवलतीवर जे आज भारतात आहेत त्यांनी ४८ तासांत देश सोडावा.

यातील तिसरे वाक्य पुन्हा वाचा. पहिले वाक्य दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी आहे. तिसरे वाक्य घरात येऊन बसलेल्यांसाठी आहे. तो मनुष्य आला तेव्हा त्याच्या कागदात काहीही उणे नव्हते. सीमेवर त्याने कोणालाही फसवले नव्हते. तो जेवत असताना, झोपलेला असताना, एखाद्या लग्नाच्या मांडवात बसलेला असताना नियम बदलला.

सार्कची ही सवलत १९९२ पासून चालू होती, आणि ती सरसकट सर्वांना कधीच नव्हती. खासदार, न्यायाधीश, पत्रकार, व्यापारी, खेळाडू अशा ठरावीक वर्गांनाच तिचा लाभ मिळे. त्यामुळे ४८ तासांचा फटका बसलेली माणसे तशी थोडीच. पण दोनच दिवसांनी गृहमंत्रालयाने पुढचा आदेश काढला : पाकिस्तानी नागरिकांचे इतर व्हिसाही २७ एप्रिलपासून रद्द, वैद्यकीय उपचारांसाठी आलेल्यांना २९ एप्रिलपर्यंत सवड. राजनैतिक व शासकीय व्हिसा आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा तेवढे वगळले.

दीर्घ मुदतीचा व्हिसा म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर जरीपटका येतो. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. १९४७-४८ मध्ये जे आले ते केव्हाच नागपूरकर झाले. पण त्यांचे काही भाऊबंद मागे राहिले होते, आणि ते पुढील दशकांत तुकड्यातुकड्यांनी येत राहिले. कोणी तीर्थयात्रेच्या व्हिसावर, कोणी नातलगांच्या भेटीच्या. आले, आणि परत गेले नाहीत. मग दीर्घ मुदतीचा व्हिसा, त्याचे नूतनीकरण, आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर नागरिकत्व. महाराष्ट्रातील पाकिस्तानी नागरिकांची सर्वाधिक संख्या नागपुरात आहे, ही बातमी त्या आठवड्यात राज्यभर गाजली, आणि ज्यांना जरीपटक्याचा इतिहास ठाऊक नाही त्यांना ती भयंकर वाटली.

हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, हे सरकारने २४ एप्रिललाच स्पष्ट केले. पण ज्यांचा अर्ज टेबलावर पडून होता, ज्यांचा साधा व्हिसा संपत आला होता, ज्यांची सून नुकतीच आली होती, त्यांनी ते चार दिवस कसे काढले असतील याची कल्पना करावी. कागदावरच्या एका शब्दाने घर राहते की जाते, हे ठरण्याचे ते दिवस होते.

हा प्रसंग नवा नाही. नियम बदलतो तेव्हा आत असलेल्याचे काय, हा प्रश्न या देशाला स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षापासून छळतो आहे. आणि त्याची काही महत्त्वाची उत्तरे नागपूरच्या न्यायालयात घडलेल्या माणसाने व नागपूरच्या न्यायालयाने दिली आहेत. हा थ्रेड त्याविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धापूर्वी पासपोर्ट ही बहुतेक प्रवाशांच्या दृष्टीने अनावश्यक वस्तू होती. मुंबईहून बोटीवर चढणारा विद्यार्थी तिकीट, ट्रंक आणि ओळखीची दोन पत्रे घेऊन विलायत गाठू शकत असे. युद्धकाळात, १९१७ मध्ये, भारत संरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले. युद्ध संपले, नियम संपले नाहीत. १९२० मध्ये त्यांचा कायदा झाला. तात्पुरती म्हणून आलेली बंधने मुक्कामाला राहतात, हे पासपोर्टाच्या इतिहासातील पहिले सत्य.

आता १९४७. सीमा आखली गेली, पण तिच्यावर दार नव्हते. ऑगस्ट १९४७ ते जुलै १९४८ या काळात भारत आणि पाकिस्तान यांच्यात जाण्यायेण्यासाठी कायद्याने कोणताही कागद लागत नव्हता. हिंसेची भीती होती, गाड्यांची खात्री नव्हती, पण परवाना नव्हता. मध्य प्रांतातून, म्हणजे नागपूर, कामठी, बऱ्हाणपूर इथूनही, अनेक जण कराचीला गेले. त्यांतले सगळेच देश सोडून गेले असे समजणे चुकीचे. कोणी भाऊ कुठे स्थिरावला ते पाहायला गेला, कोणी धंद्याची उधारी वसूल करायला, कोणी दंगलीचा जोर ओसरेपर्यंत. जाताना यांच्यापैकी कोणाच्या मनात ‘स्थलांतर’ हा शब्द होता आणि कोणाच्या नव्हता, हे त्यांनाही नेमके सांगता आले नसते.

१९ जुलै १९४८ रोजी भारत सरकारने वटहुकूम काढला. पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायचे तर परवाना हवा. परवान्यांचे प्रकार होते : तात्पुरत्या भेटीचा, वारंवार ये-जा करण्याचा, आणि कायमचे परतण्याचा. ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तशीच व्यवस्था केली. पूर्व बंगालची सीमा मात्र यातून सुटली. तिथे कागदाशिवाय ये-जा १९५२ पर्यंत चालली.

या वटहुकमाची खरी धार कोणाला लागली? जे १८ जुलैला कराचीत होते आणि ज्यांचे घर नागपुरात होते, त्यांना. गेले तेव्हा ते आपल्याच देशातून शेजारी गेले होते. परतताना त्यांना ‘मी परत येऊ का’ असे विचारावे लागले. आणि इथे एक फास होता, जो सामान्य माणसाला दिसण्यासारखा नव्हता. कायमच्या परतीचा परवाना मिळणे कठीण; तात्पुरत्या भेटीचा त्या मानाने सोपा. माणूस सोपा तो घेई. म्हणे, एकदा घरी तर पोहोचू, मग बघू. पण तात्पुरता परवाना घेताना तो स्वतःच्या सहीने कबूल करत होता की मी इथे पाहुणा आहे.

दोन वर्षांनी संविधान अमलात आले आणि त्यातील अनुच्छेद ७ ने हा फास घट्ट केला. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. अपवाद फक्त त्याचा, जो पुनर्वसनाच्या अथवा कायमच्या परतीच्या परवान्यावर आला. परवान्याच्या खिडकीवर घाईत निवडलेला एक प्रकार पुढे नागरिकत्वाचा निकष ठरला. नियम घडले नंतर. त्यांची मोजणी सुरू झाली आधीच्या तारखेपासून.

मुदत संपली तरी राहणाऱ्यांना उचलून सीमेपार नेण्याचा अधिकार १९४९ च्या परवाना कायद्याने सरकारला दिला होता. त्याच्या कलम ७ विरुद्धचा खटला मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. कारण साधे आणि मोठे होते : परवान्याचा नियम मोडला म्हणून भारताच्या नागरिकाला दंड करा, शिक्षा करा, पण केवळ तेवढ्यासाठी त्याला त्याच्याच देशातून बाहेर काढता येणार नाही. निकाल लागेपर्यंत मूळ कायदा रद्दही झालेला होता, कारण १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा यांची पद्धत आली होती.

आता पुढची गंमत. गंमत म्हणण्यासारखी नाही, पण कायद्याच्या इतिहासात अशी कोडी क्वचित सापडतात.

१९५२ नंतर पाकिस्तानी पासपोर्टवर, भारताचा व्हिसा घेऊन, माणसे आपल्या जुन्या गावी येऊ लागली. व्हिसा तीन महिन्यांचा असे. काही जण मुदत संपूनही राहिले. पोलिसांनी त्यांच्यावर १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली खटले भरले. आणि न्यायालयात प्रश्न उभा राहिला : हा माणूस ‘परकीय’ आहे का?

कारण १९४६ चा कायदा ब्रिटिशांचा. त्यातील ‘परकीय’ या शब्दाच्या व्याख्येतून ब्रिटिश राजाचे जन्मजात प्रजाजन वगळलेले होते. अखंड हिंदुस्थानात जन्मलेला प्रत्येक जण त्यात बसत होता. म्हणजे पाकिस्तानी पासपोर्ट खिशात असलेला माणूस भारताचा नागरिक नव्हता, आणि भारताच्या कायद्यानुसार परकीयही नव्हता. संसदेने ही फट बुजवायला १९५७ उजाडले. १९ जानेवारी १९५७ पासून व्याख्या बदलली : जो भारताचा नागरिक नाही तो परकीय.

त्या एका तारखेला भारतात राहत असलेली कितीतरी माणसे रात्रीतून परकीय झाली. त्यांनी काही केले नाही. ती कुठे गेली नाहीत. शब्दाचा अर्थ त्यांच्याभोवतीने सरकला.

उत्तर प्रदेशातील असा एक माणूस १९५३ मध्ये पाकिस्तानी पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन आलेला. मुदत वाढवून घेतली, तीही संपली, तो राहिला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये निकाल लागला. ज्या नियमाखाली त्याला शिक्षा झाली तो नियम भारतात ‘प्रवेश करणाऱ्या परकीयाला’ लागू होता. हा माणूस शिरला त्या दिवशी परकीय नव्हता; परकीय तो नंतर झाला. सबब तो नियम त्याला लागू होत नाही. शिक्षा रद्द.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. न्यायालयाने त्याला ‘तू आमचाच’ म्हटले नाही. सरकारला त्याला स्वतंत्र आदेश देऊन जायला सांगता येते, हा मार्ग खुलाच होता. न्यायालयाने फक्त एवढे म्हटले की दारातून आत येतानाचे वर्तन दारावर त्या दिवशी लिहिलेल्या नियमाने तोला.

इथे दोन अधिकार वेगळे करून पाहायला हवेत. पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. एक अधिकार, जा म्हणण्याचा. दुसरा, राहिलास म्हणून शिक्षा करण्याचा. पहिल्याबाबत भारतीय न्यायालयांनी सरकारला जवळपास मोकळे रान दिले आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी तुरुंगात डांबलेल्या एका जर्मन माणसाच्या प्रकरणात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश असल्याचे सांगितले. पाहुण्याने किती दिवस राहावे हे यजमान ठरवतो, मध्येच मत बदलतो, आणि कारण सांगायलाही बांधील नसतो. शिक्षेचे तसे नाही. तिथे तारीख पाहावी लागते, शब्द पाहावे लागतात, पुरावा पाहावा लागतो.

याच सुमारास बऱ्हाणपूरच्या एका दांपत्याचे प्रकरण चालू होते. दोघांचाही जन्म बऱ्हाणपूरचा. मे १९५६ मध्ये ते पाकिस्तानी पासपोर्टवर, व्हिसा घेऊन आले. तेव्हा बऱ्हाणपूर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. काही महिन्यांतच, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नवरा-बायको होते तिथेच राहिले, मुदत संपली तरी. खटला झाला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो असा : अनुच्छेद ७ मधील स्थलांतर म्हणजे २६ जानेवारी १९५० पूर्वीचे. त्यानंतर जे गेले त्यांचे नागरिकत्व या अनुच्छेदाने आपोआप जात नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतल्याने ते गेले की नाही, हे नागरिकत्व कायद्याखाली केंद्र सरकारने आधी ठरवावे, त्याशिवाय फौजदारी न्यायालयाने त्यांना परकीय धरू नये.

पुन्हा तारीखच. २५ जानेवारीला गेलेला आणि २७ जानेवारीला गेलेला, दोघांत कायद्याने एवढे अंतर पाडले.

आता पश्चिमेकडे वळू. गोवा.

सावंतवाडी आणि पेडणे, कारवार आणि काणकोण यांच्यामधली सीमा पिढ्यानपिढ्या माणसे सहज ओलांडत होती. मुंबईत गोमंतकीयांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे ट्रंक टेकवी आणि चतुर्थीला किंवा नाताळला गावी जाई. १९५४ पासून परवाने कडक होऊ लागले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारताने राजनैतिक संबंध तोडले, मुरगाव ते कॅसलरॉक ही रेल्वेची वाट सीमेवर थांबली. आर्थिक नाकेबंदी सालाझारविरुद्ध होती, हे खरेच. पण मुंबईतील गोमंतकीयाला आईच्या अंत्यदर्शनालाही परवाना लागू लागला, हेही खरे. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या बाजूला फार थोडी जागा मिळाली आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मार्च १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश निघाला : २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेले सर्व जण भारताचे नागरिक मानले जातील, ज्याला पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लेखी कळवावे.

एका वयस्क ख्रिस्ती धर्मगुरूंनी तसे कळवले. आपण पोर्तुगीजच राहणार. त्यांची परकीय म्हणून नोंद झाली, निवासाचा परवाना मिळाला, तो १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा. त्यांनी नूतनीकरण मागितले नाही. नायब राज्यपालांनी कळवले : परवाना घ्या अथवा देश सोडा. त्यांनी दोन्ही केले नाही. खटला झाला, ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड.

व्हिसाची मुदत ओलांडणारे म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जी माणसे येतात त्यांत हे धर्मगुरू बसत नाहीत. ते कुठूनही आले नव्हते. जिथे जन्मले तिथेच होते. सीमा आली, त्यांच्या अंगावरून पुढे गेली, आणि ते आपल्याच गावात मुदतीचे पाहुणे झाले. अर्थात पाहुणे होण्याचा पर्याय त्यांनी स्वतः निवडला होता, हेही विसरून चालणार नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. धर्मगुरूंच्या बाजूने जिनिव्हा करारांचा आधार घेण्यात आला : गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, आणि व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला घालवता येत नाही. २६ मार्च १९६९ रोजी निकाल दिला तो सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी.

इथे नागपूरकराने जरा थांबावे. हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजहून आणि लिंकन्स इनमधून परतल्यावर १९३० पासून त्यांनी नागपुरात वकिली केली, विधी महाविद्यालयात शिकवले, १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि १९५४ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. १९५६ ला ते न्यायालयच उरले नाही. मुख्य न्यायाधीश मध्य प्रदेशात गेले आणि इमारत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आली. सीमा माणसाच्या पायाखालून कशी सरकते, हे त्यांनी नोकरीत अनुभवले होते.

निकालाचा गाभा असा. व्याप ही तात्पुरती अवस्था असते. प्रदेश देशात कायमचा सामील झाला की ती संपते आणि तिच्याबरोबर ते संरक्षणही. गोवा आता भारत आहे. धर्मगुरूंना नागरिकत्वाचा पर्याय दिला होता, त्यांनी तो नाकारला, परवान्याचा दिला, त्यांनी तो मागितला नाही. शिक्षा कायम. निकाल कठोर वाटतो, पण त्याचा पाया पाहावा : नियम बदलताना सरकारने आत असलेल्याला मुदत दिली, पर्याय दिला आणि लेखी सूचना दिली. माझ्या मते निकाल योग्य होता. पोर्तुगालने गोव्याचे सामिलीकरण मान्य केले ते मात्र थेट १९७४ च्या शेवटी.

परदेशातील आपल्या माणसांवर ही वेळ आली ती नैरोबीत. ब्रिटनने १९६२ मध्ये राष्ट्रकुलातील नागरिकांचा मुक्त प्रवेश थांबवला. तेव्हा निदान कायदा होणार हे आधी कळले होते; १ जुलैपूर्वी पोहोचण्यासाठी विमानांत गर्दी उसळली. १९६८ मध्ये मात्र केनियातून निघालेल्या आशियाई लोकांना अडवणारा कायदा संसदेने तीन दिवसांत संमत केला. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. त्यानंतर जे निघाले त्यांतील काहींना विमानतळावरून विमानतळावर परत पाठवले जाई. युरोपीय मानवी हक्क आयोगाने पुढे १९७३ मध्ये ही वागणूक मानहानिकारक ठरवली. तोवर पाच वर्षे गेली होती.

मधली दशके ओलांडून मार्च २०२० वर येऊ.

११ मार्चला भारताने जवळजवळ सर्व व्हिसा स्थगित केले. अंमल १३ मार्चच्या मध्यान्हीपासून, ग्रीनिच वेळेने. त्याच आदेशात आणखी एक ओळ होती : परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड, म्हणजे ओसीआय, असणाऱ्यांची व्हिसाविना प्रवेशाची सवलतही स्थगित. ‘आयुष्यभर, कितीही वेळा, व्हिसाविना’ अशी ज्याची ख्याती, ते कार्ड एका रात्रीत नुसते पुठ्ठ्याचे झाले. यात विचित्र कोंडी झाली ती तरुण मराठी कुटुंबांची. आईवडिलांकडे भारतीय पासपोर्ट, अमेरिकेत जन्मलेल्या तान्ह्या मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय. आईवडिलांना घरी येता येत होते, सहा महिन्यांच्या बाळाला नाही. २२ मे ला अशा मुलांसाठी आणि कुटुंबातील आपत्तीसाठी येणाऱ्यांसाठी सवलत निघाली. सर्व कार्डधारकांना दार उघडले ते ऑक्टोबरमध्ये.

जे परकीय आधीच भारतात होते त्यांच्याबाबत मात्र सरकार आरंभी समंजसपणे वागले. त्यांचे व्हिसा वैध राहिले. विमानेच बंद असल्याने संपणाऱ्या व्हिसांना शुल्काविना मुदतवाढ मिळाली. बहुतेकांना. २ एप्रिलला गृहमंत्रालयाने तबलिगी जमातीशी संबंधित ९६० परदेशी नागरिकांचे पर्यटक व्हिसा रद्द करून त्यांना काळ्या यादीत टाकले आणि त्यांच्यावर गुन्हे नोंदवायला सांगितले.

त्या काळात म्यानमारचे आठ नागरिक नागपुरात होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, टाळेबंदीचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा, ते पर्यटक व्हिसावर आलेले. त्यांच्यावर परकीय नागरिक कायदा, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि दंड संहिता या सर्वांखाली गुन्हा नोंदला गेला. व्हिसाच्या अटी मोडून धर्मप्रचार केला आणि साथ पसरवली, असा आरोप.

नागपूर खंडपीठाने २१ सप्टेंबर २०२० रोजी हा गुन्हा रद्द केला. न्यायमूर्ती विनय देशपांडे आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्यासमोर हे प्रकरण होते. या माणसांना इथली भाषा येत नव्हती. ते आपल्या भाषेत धर्मग्रंथ वाचत होते. ज्याला भाषा येत नाही त्याने प्रचार कसा केला? साथ पसरवल्याचा पुरावा नाही. खटला चालू ठेवणे म्हणजे कायद्याच्या प्रक्रियेचा दुरुपयोग. महिन्याभरापूर्वी, २१ ऑगस्टला, औरंगाबाद खंडपीठानेही २९ परदेशी नागरिकांबाबत असाच निर्णय दिला होता.

वर सांगितलेले दोन अधिकार इथे पुन्हा दिसतात. व्हिसा रद्द करून ‘जा’ म्हणणे सरकारच्या हातात होते. पण जायला विमानच नव्हते, आणि जा म्हणण्याऐवजी आरोपी करण्यात आले. आपल्या शहरात त्या दिवसांत त्यांच्याविषयी काय काय बोलले जात होते, ते आठवले की मान खाली जाते.

आता सुटीला निघालेल्या मंडळींसाठी थोडे व्यावहारिक. गेल्या काही वर्षांत भारतीय पासपोर्टला मिळणारी व्हिसामाफी भराभर वाढते आणि तितक्याच भराभर आटते. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवस दिले, १५ जुलै २०२४ पासून ६० केले. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस. सर्बियाने मात्र १ जानेवारी २०२३ पासून आपली सवलत काढून घेतली, कारण तिथून पुढे युरोपात सरकणाऱ्यांमुळे युरोपीय संघाचा दबाव होता. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली १५ दिवसांची माफी २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली; नोकरीच्या आमिषाने नेऊन भारतीयांचे अपहरण झाल्याची प्रकरणे त्यामागे होती.

अशा वेळी तिथे पोहोचलेल्या प्रवाशाने वर्तमानपत्रातील मथळा पाहू नये, आपल्या पासपोर्टावरील शिक्का पाहावा. सामान्यतः प्रवेशाच्या दिवशी अधिकाऱ्याने ज्या तारखेपर्यंत राहू दिले ती तारीख चालते. हे दोन्ही बाजूंनी खरे आहे. १४ जुलै २०२४ ला बँकॉकला उतरलेल्याच्या शिक्क्यावर ३० दिवस होते, आणि दुसऱ्या दिवशी नियम ६० चा झाला म्हणून त्याचे दिवस आपोआप दुप्पट झाले नाहीत. जास्त राहायचे तर तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाट भरून मुदतवाढ मागायची. नियम आखडला तरी जुना शिक्का बहुधा आपली तारीख पाळतो. ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. २३ एप्रिल २०२५ ला तो पाळला गेला नाही. आणि सीमा ओलांडून बाहेर पडून पुन्हा शिरलात, की जुना शिक्का संपला. मग नवा दिवस, नवा नियम.

आपल्याकडेही नियमांची पाटी नुकतीच पुसून नव्याने लिहिली गेली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा अमलात आला. १९२० चा पासपोर्ट कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा, दोन्ही इतिहासजमा झाले. मुदतीपलीकडे राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड. त्याच दिवशी सवलतींचा आदेशही निघाला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून धार्मिक छळामुळे आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना, कागद नसले वा त्यांची मुदत संपलेली असली तरी, या शिक्षेतून वगळले आहे. अट एवढीच की ते ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आलेले असावेत.

म्हणजे जरीपटक्यात एकाच घरात दोन भाऊ राहत असतील, एक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाघा-अटारीने आलेला आणि दुसरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तर त्यांच्या पासपोर्टांवरील शिक्क्यांत आठवड्याभराचेच अंतर आहे. पोलीस आयुक्तालयाच्या खिडकीवर मात्र त्यांना दोन वेगळ्या रांगांत उभे राहावे लागेल.